तीन हजार मीटर म्हणजे किती?

फेब्रुवारी २०२६ मध्ये चिंचवडला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मी बोलायला गेले होते. विषय आधीच ठरलेला होता: प्रकाशाचे विकिरण. आकाश निळे का, सूर्यास्त तांबडा का, असे नेहमीचे प्रश्न येतील या तयारीने गेले होते. पण चहाच्या आधीच चाकणजवळच्या एका शाळेतले शिक्षक उठले आणि म्हणाले, "मॅडम, बारामतीच्या विमानाबद्दल पोरं रोज विचारतात. दृश्यमानता तीन हजार मीटर होती असं पेपरात आलंय. तीन हजार मीटर म्हणजे तीन किलोमीटर. तीन किलोमीटरवरचं दिसत होतं, तर समोरची धावपट्टी दिसायला अडचण का आली? यावर मी काय सांगू?"

सभागृह एकदम शांत झाले. पुणे जिल्ह्याचे पालकमंत्री म्हणून अजित पवारांना त्या खोलीतल्या बहुतेकांनी कधी ना कधी जवळून पाहिलेले होते. मी त्या वेळी फळ्यावर जे उत्तर दिले ते घाईचे आणि अपुरे होते. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न आठवी ते दहावीच्या विज्ञान-गणितात जवळजवळ पूर्ण बसतो. म्हणून हा लेख.

आधी त्या सकाळची नोंद पाहू. २८ जानेवारी २०२६ रोजी लिअरजेट ४५ जातीचे एक छोटे जेट विमान मुंबईहून बारामतीला निघाले. विमानात उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जण होते. बारामतीच्या धावपट्टीवर पूर्ण वेळचे हवाई वाहतूक नियंत्रण नव्हते. तेथील उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षक आणि वैमानिक येणाऱ्या विमानांना रेडिओवरून माहिती देत. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने अपघातानंतर दिलेल्या माहितीनुसार, वैमानिकांनी वारा आणि दृश्यमानता विचारली. वारा शांत आहे आणि दृश्यमानता सुमारे ३००० मीटर आहे, असे उत्तर मिळाले. विमान धावपट्टी क्रमांक ११ च्या दिशेने आले, पण धावपट्टी दिसत नसल्याचे वैमानिकांनी कळवले आणि विमान पुन्हा वर नेले. वैमानिकांच्या भाषेत याला 'गो-अराउंड' म्हणतात. धावपट्टी दिसली नाही की असेच करायचे असते. दुसऱ्या फेरीतही आधी 'दिसत नाही' आणि काही सेकंदांनी 'दिसली' असा संदेश आला. ८ वाजून ४३ मिनिटांनी उतरण्याची परवानगी मिळाली. ती मिळाल्याचा उलट संदेश आला नाही. ८ वाजून ४४ मिनिटांनी धावपट्टीच्या टोकाजवळ ज्वाळा दिसल्या. पाचही जणांचा मृत्यू झाला.

अपघाताचे कारण शोधणे हे विमान अपघात अन्वेषण विभागाचे काम आहे आणि ते यंत्राचे अवशेष, ध्वनिमुद्रणे आणि नोंदी पाहूनच होते. आपण त्यात पडायचे नाही. चाकणच्या शिक्षकांचा प्रश्न मात्र आपला आहे: तीन हजार मीटर म्हणजे उतरणाऱ्या विमानाला नेमके किती?

सुरुवात घराजवळूनच करू. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडून उतरणारी विमाने पिंपळे सौदागर, कासारवाडी, दापोडी या भागांवरून जातात. उतरणारे विमान दगडासारखे खाली येत नाही, ते एका अगदी मंद उतारावरून घसरत येते. हा उतार जगभर साधारण ३ अंशांचा ठेवतात. ३ अंशांचा टॅन ०.०५२ येतो. म्हणजे धावपट्टीपासून दर किलोमीटरमागे विमान सुमारे ५२ मीटर उंच असते. पिंपळे सौदागरवर, म्हणजे धावपट्टीपासून बारा-एक किलोमीटरवर, ते सव्वासहाशे मीटर उंच असायला हवे, आणि आठ-एक किलोमीटरवरच्या दापोडीवर सव्वाचारशे मीटर.

हे खरे आहे का ते मुलांना पट्टीने तपासता येते. आपल्याकडे येणाऱ्या नेहमीच्या प्रवासी विमानांपैकी बरीच एअरबस ए-३२० कुळातली असतात आणि त्यांच्या पंखांचा विस्तार सुमारे ३५ मीटर असतो. विमान बरोबर डोक्यावर असताना पट्टी डोळ्यापासून ६० से.मी. अंतरावर धरा आणि एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी पट्टीवर वाचा. समरूप त्रिकोणांच्या नियमाने उंची मिळते. पिंपळे सौदागरला ३.४ से.मी. आणि दापोडीला ५ से.मी. च्या आसपास आले तर तीन अंशांचा उतार सिद्ध झाला समजा. लोहगाव थोडे उंचावर आहे, त्यामुळे वीस-तीस मीटरचा फरक पडेल. पट्टी हलते, विमान थांबत नाही, त्यामुळे मोजणी जमायला चार-पाच विमाने जाऊ द्यावी लागतात.

आता हाच उतार बारामतीच्या सकाळला लावू. लिअरजेट ४५ सारखे विमान उतरताना ताशी सुमारे २३० कि.मी. वेगाने येते. म्हणजे सेकंदाला ६४ मीटर. तीन हजार मीटर भागिले चौसष्ट, उत्तर ४७ सेकंद. पेपरातले 'तीन किलोमीटर' वैमानिकाच्या दृष्टीने ४७ सेकंद असतात, आणि त्या क्षणी विमान जमिनीपासून केवळ १५७ मीटर उंचीवर असते. याच बारामतीत शिकाऊ वैमानिक सेस्नासारख्या छोट्या विमानांवर सराव करतात. ती ताशी १२० कि.मी. च्या आसपास वेगाने उतरतात. त्यांना त्याच तीन किलोमीटरसाठी दीड मिनिट मिळते. दृश्यमानतेचा आकडा एकच असला तरी वेगवेगळ्या विमानांना मिळणारा वेळ वेगळा असतो, आणि उपयोग असतो तो वेळेचा.

भारतात डोळ्यांच्या भरवशावर उड्डाण करताना कमी उंचीवर निदान ५००० मीटर दृश्यमानता हवी असा नियम आहे. ६४ मीटरच्या वेगाने ते ७८ सेकंद होतात. ४७ आणि ७८ यांतला फरक फक्त अर्ध्या मिनिटाचा आहे, पण त्या अर्ध्या मिनिटात धावपट्टी ओळखायची, विमान तिच्या मध्यरेषेवर आहे का ते ठरवायचे, नसेल तर वळवून पुन्हा सरळ करायचे, आणि वेग व उतार दोन्ही जागेवर ठेवायचे असतात. पायलटची नजर बाहेरच्या दृश्यावरून आतल्या तबकड्यांवर आणि परत बाहेर जाते, त्यातच दोन-तीन सेकंद जातात.

पण तीन हजार मीटरवर धावपट्टी 'दिसते' हे तरी खरे का? येथे प्रश्न खरोखर रंजक होतो, कारण दृश्यमानता म्हणजे काय हे आपण सहसा विचारत नाही. धुके म्हणजे काही पडदा नव्हे, की अलीकडचे सगळे दिसते आणि पलीकडचे काहीच नाही. वस्तू हळूहळू फिकी होत जाते. हवेतले बारीक थेंब आणि धूलिकण वस्तूकडून आपल्याकडे येणारा प्रकाश बाजूला फेकतात, आणि शिवाय आकाशाचा प्रकाश आपल्या डोळ्यांत आणून टाकतात. काळे झाड आधी करडे होते, मग पांढरट, आणि अखेर मागच्या आकाशात मिसळून जाते. क्षितिजावरच्या आकाशासमोर उभ्या असलेल्या काळ्या वस्तूचा मूळ उठाव १०० मानला, तर तो ज्या अंतरावर ५ उरतो त्या अंतराला हवामानशास्त्रज्ञ दृश्यमानता म्हणतात.

दर किलोमीटरला उठाव ठरावीक पटीने घटतो. दृश्यमानता ३००० मीटर असेल तर प्रत्येक किलोमीटर पार करताना १०० चे ३७ उरतात. म्हणजे पहिल्या किलोमीटरनंतर ३७, दुसऱ्यानंतर १४, तिसऱ्यानंतर ५. वर्गात हे चक्रवाढ व्याजाच्या उलट गणित म्हणून छान जमते. दीड किलोमीटरवर उठाव २२ येतो. दीड किलोमीटर म्हणजे २३ सेकंद.

आता वरच्या व्याख्येतले दोन शब्द पुन्हा पाहा: 'काळी वस्तू' आणि 'आकाशासमोर'. जमिनीवर उभा राहून दृश्यमानता सांगणारा माणूस पाण्याची टाकी, वडाचे झाड, कारखान्याचे धुराडे यांकडे पाहतो. या सगळ्या वस्तू आकाशाच्या पार्श्वभूमीवर गडद दिसतात. वैमानिकाला मात्र वरून खाली पाहून जानेवारीतल्या करड्या-तपकिरी शेतांत एक करडी पट्टी शोधायची असते. तिचा मूळ उठावच १०० नसून त्याच्या एका लहानशा अंशाएवढा असतो. त्यामुळे टाकी तीन किलोमीटरवरून जेमतेम दिसते अशा हवेत धावपट्टी त्याहून बरीच जवळ आल्याशिवाय दिसत नाही. खालून 'तीन हजार' सांगणारा आणि वरून 'दिसत नाही' म्हणणारा, दोघेही खरे बोलत असू शकतात. चाकणच्या मुलांना द्यायचे पहिले उत्तर हे.

दुसरे उत्तर नजरेच्या कोनात आहे. जानेवारीच्या सकाळी घोराडेश्वरच्या डोंगरावर गेला असाल तर पाहिले असेल, की निगडी-पिंपरीवर राखाडी रंगाची एक चादर पसरलेली असते आणि तिच्या वर आकाश स्वच्छ असते. चादरीची वरची कडा तर सुरीने कापल्यासारखी असते. आपण डोंगराच्या अगदी पायथ्याकडे पाहिले तर घरे, रस्ते, गाड्या स्पष्ट दिसतात. पण नजर जसजशी दूर न्यावी तसतसे शहर पुसट होत जाते. याचे कारण दूरची हवा अधिक घाण असते असे नाही. खाली पाहताना नजर थरातून उभी जाते, आणि लांब पाहताना तोच थर तिरका, म्हणून अधिक अंतर, कापावा लागतो. केळ्याची चकती सरळ कापली तर लहान आणि तिरकी कापली तर लांबट येते, तसेच हे.

समजा, धुरकट हवेचा थर ३०० मीटर जाड आहे आणि त्याच्या आत दृश्यमानता ३००० मीटर आहे. विमान त्या थराच्या वर आहे. सरळ खाली पाहिले तर नजर ३०० मीटर जाते आणि उठावाचे १०० चे ७४ उरतात. शेते, कालवा, घरे, सगळे नीट दिसते. आता ३ अंशांच्या उताराने समोर पाहा. ३०० भागिले ०.०५२, म्हणजे नजरेला थरातून पावणेसहा किलोमीटर जावे लागते. तिसऱ्या किलोमीटरलाच ५ उरले होते, तेथे पावणेसहाला काय उरणार? एक टक्क्याचाही तिसरा हिस्सा. म्हणजे धावपट्टीवरून जाताना वैमानिकाला ती खिडकीतून खाली चक्क दिसू शकते आणि वळून उतरायला आल्यावर तीच नाहीशी होते. ज्यांनी कधी हा आकडा मांडून पाहिलेला नाही त्यांना हे जादूटोण्यासारखे वाटेल. प्रशिक्षण देणारे जुने वैमानिक शिकाऊ मुलांना नेमके हेच बजावतात: वरून दिसली म्हणून पुढून दिसेल असे धरून चालू नका.

हा थर तयार का होतो, तेही थोडक्यात. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन उष्णता प्रारणाने आकाशात टाकून देते आणि तिला टेकलेली हवा थंड होते. वरची हवा त्या मानाने उबदार राहते. एरवी वर जाताना हवा थंड होत जाते, येथे उलटे. पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड, ती खालीच बसून राहते आणि तिच्यात सोडलेले काहीही वर जाऊ शकत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये त्यात वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर, रस्त्याची धूळ मिसळते. बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याचे पाणी, भिजलेली उसाची शेते आणि त्यांतून आलेली बाष्पाची भर असते. सापेक्ष आर्द्रता वाढली की हवेतले क्षारयुक्त कण पाणी शोषून फुगतात, आणि फुगलेला कण प्रकाश कितीतरी अधिक फेकतो. त्यामुळे धूर तेवढाच असला तरी दमट सकाळी दिसणे कमी होते. सूर्य उगवला म्हणजे सगळे लगेच विरते असेही नाही. जमीन तापू लागली की आधी तो थर ढवळला जातो, वर उचलला जातो, आणि काही काळ पातळ होण्याऐवजी जाडच होतो. साडेआठ-नऊची वेळ त्या दृष्टीने फसवी असते.

तिसरी गोष्ट मला शिबिरात सुचली नव्हती, घरी हिशेब करताना दिसली. धावपट्टीला दिलेला क्रमांक म्हणजे तिची दिशा असते, शेवटचे शून्य गाळलेली. धावपट्टी ११ म्हणजे उत्तरेपासून ११० अंश, पूर्वेच्या किंचित दक्षिणेला. तिचेच दुसरे टोक २९, म्हणजे २९० अंश. (लोहगावची १० आणि २८ आहे. मुलांना होकायंत्र देऊन शाळेच्या मैदानाला क्रमांक द्यायला सांगा, फार आवडते.) २८ जानेवारीला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला असतो. बारामतीचे अक्षांश १८ अंशांच्या थोडे वर आहेत. या दोन आकड्यांवरून आणि घड्याळावरून ८ वाजून ४४ मिनिटांना सूर्य कोठे होता ते काढता येते: दिशा सुमारे ११८ अंश, क्षितिजापासून उंची सुमारे २० अंश. म्हणजे धावपट्टी ११ वर उतरणाऱ्यासाठी सूर्य जवळजवळ नाकासमोर होता.

याचे महत्त्व विकिरणाच्या नियमात आहे. हवेच्या रेणूंसारखे अतिसूक्ष्म कण प्रकाश सगळीकडे फेकतात. धुक्याचे थेंब आणि धुराचे फुगलेले कण मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीच्या बरोबरीचे किंवा तिच्याहून मोठे असतात. ते बहुतेक प्रकाश पुढच्याच दिशेला फेकतात. म्हणून सूर्य समोर असला की धुरकट हवा पांढरी चमकते आणि सूर्य पाठीशी असला की तीच हवा बरीच स्वच्छ वाटते. कौलातून येणाऱ्या कवडशात नाचणारे धूलिकण उजेडाकडे तोंड केल्यावरच उठून दिसतात, तोच प्रकार. तळेगाव-चाकण रस्त्यावर जानेवारीत सकाळी गाडी चालवणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे. तळेगावहून चाकणकडे जाताना समोरचा ट्रक दिसत नाही आणि चाकणहून तळेगावकडे येणाऱ्याला त्याच वेळी रस्ता लख्ख दिसतो. दृश्यमानतेला दिशा असते. सांगितला जाणारा आकडा मात्र बहुतेक वेळा एकच असतो. ही भूमिती त्या सकाळी होती एवढेच मी म्हणते. तिचा परिणाम किती झाला हे वहीवरच्या हिशेबातून निघत नाही.

धावपट्टी उशिरा दिसली तर काय बिघडते? ती समोर सरळ रेषेत असेल तर फार नाही. पण बहुधा ती थोडी डावीकडे किंवा उजवीकडे निघते, आणि उरलेल्या वीस-पंचवीस सेकंदांत विमान तिकडे वळवण्याचा मोह होतो. विमान मोटारीसारखे चाक फिरवून वळत नाही. ते एका बाजूला कलते, आणि पंखांची उचल, जी एरवी सरळ वर असते, तिरकी होते. तिचा काही भाग विमानाला वळवण्यात जातो. विमानाचे वजन तेवढेच, म्हणून ते पेलायला एकूण उचल वाढवावी लागते. ४५ अंश कलल्यास १.४१ पट, ६० अंश कलल्यास दुप्पट. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. त्यामुळे ज्या वेगाखाली पंख विमानाला पेलूच शकत नाहीत, ती मर्यादा ४५ अंशांना १.१९ पट आणि ६० अंशांना १.४१ पट वर सरकते. उतरताना विमानाचा वेग या मर्यादेच्या साधारण १.३ पट ठेवलेला असतो. १.३ हातात आहेत आणि १.४१ लागणार, हे गणित सातवीतल्या मुलालाही समजेल. पंखांवरून वाहणारी हवा तेव्हा पृष्ठभाग सोडून देते आणि विमान कोसळू लागते. याला 'स्टॉल' म्हणतात. उंचावर तो सावरता येतो, विमानाचे नाक खाली करून वेग वाढवायचा असतो. शे-दीडशे मीटरवर नाक खाली करायला जागाच नसते. जगभर लहान विमानांच्या अपघातांत उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण बदनाम आहे ते यामुळे.

मग मोठ्या विमानतळांवर दाट धुक्यातही विमाने कशी उतरतात? तेथे डोळ्यांऐवजी रेडिओ लहरींचा रस्ता असतो. धावपट्टीजवळचे प्रक्षेपक दोन लहरी पाठवतात, त्यांपैकी एक उताराच्या किंचित वर आणि दुसरी किंचित खाली रोखलेली असते. विमानातल्या यंत्राला दोन्ही सारख्याच जोरात मिळाल्या की विमान बरोबर ३ अंशांच्या रेषेवर आहे असे समजायचे. डावी-उजवीकडे असाच दुसरा जोड असतो. या व्यवस्थेला आयएलएस म्हणतात. बारामतीला ती नव्हती. तिचा खर्च, देखभाल, लागणारी मोकळी जागा पाहता प्रत्येक छोट्या धावपट्टीवर ती बसवणे अवघड आहे हे खरे. पण दृश्यमानता मोजणारे स्वयंचलित यंत्र हे त्या मानाने साधे आणि बरेच स्वस्त असते, आणि जेथे प्रवासी घेऊन जेट विमाने उतरतात तेथे ते असू नये याला मला तरी कारण दिसत नाही.

रेडिओच्या रस्त्याशिवाय अंधारात काय होते याचे एक उदाहरण चाकणच्या उत्तरेलाच आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात अलितालियाचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला येताना जुन्नर भागातल्या दावंड्याच्या डोंगरावर आदळले आणि ९४ माणसे गेली. हे विमान छोटे नव्हते आणि पायलटही नवशिके नव्हते. आपण मुंबईच्या खूप जवळ आलो असे त्यांना वाटले आणि त्यांनी विमान लवकर खाली आणले. मुंबई अजून सुमारे ८४ कि.मी. दूर होती. आपले ५२ मीटरचे गणित येथे लावून पाहा: ८४ कि.मी. वर विमान चार हजार मीटरच्याही वर असायला हवे होते. डोंगराचा माथा सुमारे ११०० मीटरवर आहे. पावसाळी रात्रीत तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

शिबिरानंतर चाकणच्या त्या शिक्षकांना मी एक काम सुचवले. शाळेच्या गच्चीवरून दिसणाऱ्या दहा-बारा ठळक खुणा निवडायच्या: जवळची टाकी, कारखान्याचे धुराडे, मोबाइलचा मनोरा, देऊळ, आणि दूरचे भामचंद्र, भंडारा हे डोंगर. नकाशावरून प्रत्येकाचे अंतर काढून एका कागदावर वर्तुळांत मांडायचे. हवामान वेधशाळेतले निरीक्षक वर्षानुवर्षे अशाच तक्त्यावरून दृश्यमानता सांगत आले आहेत. मुलांनी रोज सकाळी साडेआठला, प्रार्थनेनंतर, सर्वांत दूरची कोणती खूण दिसते ते लिहायचे. पूर्वेकडची वेगळी आणि पश्चिमेकडची वेगळी. शेजारी तापमान, आणि ओल्या-कोरड्या तापमापीवरून आर्द्रता. दुपारी साडेबाराला पुन्हा एकदा.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या होत्या. सात दिवस असे निघाले की सकाळी पश्चिमेला डोंगराची कडा ओळखता येत होती आणि पूर्वेला, सूर्याच्या बाजूला, धुराड्याच्या पुढचे काही दिसत नव्हते. दुपारी दोन्हीकडे सारखेच. एका मुलीने तक्त्यात आणखी एक रकाना स्वतःहून वाढवला होता: 'सेकंद'. प्रत्येक अंतराला ६४ ने भागून.